घाट उतरताना एंजिन गाडी का धरत नाही?

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट तुमच्यापैकी काहींनी एस.टी.तून किंवा मोटारीतून पाहिला असेल. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर, तर पोलादपूर सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणात. सुमारे ४० किलोमीटरांच्या वळणावळणांच्या रस्त्यात आपण बाराशे मीटरांहून अधिक खाली येतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी आमच्या नव्या छोट्या मोटारीने हा घाट उतरत होते. शेजारी माझे मामा बसले होते. मामांनी ऐन उमेदीची वर्षे ॲम्बॅसिडर टॅक्सी चालवण्यात घालवली आणि मला मोटार चालवायलाही त्यांनीच शिकवले. त्यांचा पहिला धडा असा होता : "ज्या गिअरात घाट चढतेस, त्याच गिअरात उतर." दोन दिवसांपूर्वी हाच घाट आमची गाडी तिसऱ्या गिअरात कुरकुर न करता चढली होती. म्हणून उतरतानाही मी तिसराच गिअर ठेवला. अर्ध्या तासाने काहीतरी करपल्यासारखा वास येऊ लागला. ब्रेकवर पाय ठेवला, तर पायडल नेहमीपेक्षा खोल गेले आणि गाडीचा वेग मात्र म्हणावा तसा कमी झाला नाही.

"आधी दुसऱ्यात टाक," मामा शांतपणे म्हणाले, "आणि पुढे ती रुंद जागा दिसते ना, तिथे घे बाजूला."

गाडी थांबली. पुढच्या चाकांजवळ हात नेला, तर चुलीजवळ बसल्यासारखी धग लागत होती. ब्रेक निवेपर्यंत आम्ही अर्धा तास तिथेच बसलो.

"मामा, नियम तर मी तुमचाच पाळला," मी म्हणाले.

"पाळलास खरा. पण गाडी एंजिनवर उतरतच नव्हती. माझी गाडी तिसऱ्यात अशी धरून ठेवायची, की ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागे. ही नवी गाडी धरतच नाही. असं का गं? तू फिजिक्स शिकवतेस ना?"

मित्रांनो, मामांच्या या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर ते सापडले. ते समजायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

उंचीचा हिशेब

उंचावर असलेल्या वस्तूत स्थितिज ऊर्जा असते हे तुम्ही शिकला आहात. ती किती, हे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची या सूत्राने मिळते. गाडी, माणसे आणि सामान मिळून १२०० किलोग्रॅम धरू. उतार १२०० मीटरांचा. म्हणजे १२०० × ९.८ × १२०० = सुमारे १ कोटी ४१ लाख ज्यूल.

हा आकडा किती मोठा आहे? एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे ३ लाख १५ हजार ज्यूल लागतात. म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला आलेल्या आपल्या गाडीने वाटेत ४५ लिटर, म्हणजे जवळजवळ तीन बादल्या, पाणी उकळण्याइतकी ऊर्जा कुठे तरी टाकलेली असते. ती नाहीशी होऊ शकत नाही. तिची उष्णता झाली नाही, तर तिची गतिज ऊर्जा होईल आणि गाडी दरीत जाईल. घाट सुखरूप उतरणे म्हणजे ही ऊर्जा योग्य ठिकाणी, योग्य वेगाने उष्णतेत बदलणे, दुसरे काही नाही.

ही उष्णता घेणारे चौघे आहेत : रस्त्यावर लोळताना दबणारे टायर, समोरून येणारी हवा, ब्रेक आणि एंजिन. संथ उतारावर पहिले दोघे बराच वाटा परस्पर उचलतात. खरा प्रश्न तीव्र उताराचा असतो, म्हणून आता तेवढाच तुकडा घेऊ.

समजा, १५ मीटरांमागे १ मीटर उतरणारा ३ किलोमीटरांचा रस्ता आहे. आपण ताशी ३६ किलोमीटरांनी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने उतरत आहोत. गाडीला खाली ओढणारे बल म्हणजे तिच्या वजनाचा पंधरावा भाग, सुमारे ७८० न्यूटन. टायरांचा आणि हवेचा विरोध मिळून सुमारे १८० न्यूटन. उरले ६०० न्यूटन. हे ६०० न्यूटन एंजिन आणि ब्रेक यांनी आपापसांत वाटून घ्यायचे आहेत. एंजिनाने जितके कमी घेतले, तितके ब्रेकच्या वाट्याला जास्त.

सगळेच ब्रेकवर सोपवले तर? ६०० न्यूटन × ३००० मीटर = १८ लाख ज्यूल. ब्रेकच्या तबकड्या आणि ड्रम मिळून १५ किलोग्रॅम बीड धरू. बिडाचे एक किलोग्रॅम एका अंशाने तापवायला सुमारे ४६० ज्यूल लागतात. भागाकार केला, तर तापमान २६० अंशांनी वाढते असे दिसते, आणि तेही पाच मिनिटांत! वाऱ्याने काही उष्णता जाते हे खरे; पण असे दोन-तीन उतार लागोपाठ आले आणि मध्ये निवायला वेळ मिळाला नाही, तर ब्रेक-पट्ट्यांची पकड सुटू लागते. करपल्यासारखा वास येतो तो त्या पट्ट्यांचाच.

दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. आपण पायाने दिलेला दाब या द्रवातून चाकांपर्यंत पोचतो. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच ही युक्ती चालते. 'डॉट ४' प्रकारचे नवे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु ते हवेतील ओलावा शोषते, आणि ओलावा भरपूर मुरल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. एकदा का नळीत वाफेचे बुडबुडे झाले, की पाय बुडबुडे दाबत बसतो आणि चाकाला काहीच पोचत नाही. माझे पायडल खोल गेले, तो याच संकटाचा इशारा असू शकतो.

एंजिन ब्रेक लावते ते कसे?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरातच ठेवली, की एंजिन चाकांना फिरवत नाही. उलट चाकेच एंजिनाला फिरवतात. फिरायला एंजिन नाराज असते, आणि ही नाराजी म्हणजेच एंजिनाचा ब्रेक. पण एंजिन नाराज का असते?

हा प्रश्न मी वर्गात विचारते, तेव्हा दहांतले आठ विद्यार्थी सांगतात, "दट्ट्याला सिलिंडरातली हवा दाबावी लागते म्हणून." उत्तर पटण्यासारखे आहे, पण ते बरोबर नाही. का ते एका साध्या प्रयोगाने पाहू.

करून पाहा : औषधाच्या दुकानातून २० मिलिलिटरची सुई नसलेली नवी सिरिंज आणा.

(१) दट्ट्या अर्धा बाहेर ओढा, टोक बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या आत दाबा. जोर लागतो. आता दट्ट्या सोडा. तो उसळून मागे येतो. तुम्ही घातलेले काम जवळजवळ सगळे परत मिळाले. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी वागली.

(२) आता दट्ट्या पूर्ण आत ढकला, टोक बंद करा आणि दट्ट्या बाहेर ओढा. पुन्हा जोर लागतो, कारण आत जवळजवळ निर्वात आणि बाहेर वातावरणाचा दाब. दट्ट्या सोडला तर तो पुन्हा आत जातो. हीही स्प्रिंगच.

(३) पुन्हा तसेच करा. पण दट्ट्या पूर्ण बाहेर आल्यावर, तो धरून ठेवून, टोकावरचे बोट काढा. 'फुस्' असा आवाज होऊन हवा आत शिरते. आता दट्ट्या सोडा. तो जागचा हलत नाही! ओढताना घातलेले काम परत मिळालेच नाही. ते आत घुसणाऱ्या हवेच्या खळबळीत गेले आणि त्याची उष्णता झाली.

पेट्रोल एंजिन ब्रेक लावते ते या तिसऱ्या कृतीने. पाय उचलताच हवेच्या वाटेवरील थ्रॉटल नावाची झडप मिटते. हे झाले तुमचे बोट. चूषणाच्या धावेत दट्ट्या खाली जातो, पण हवा पुरेशी मिळत नाही, म्हणून त्याला निर्वाताविरुद्ध ओढावे लागते. पुढे संपीडन आणि प्रसरण या दोन धावांत विरळ हवा दाबली जाते आणि पुन्हा फुलते. ही स्प्रिंग; जमाखर्च जवळजवळ सारखा. मग निष्कास झडप उघडते आणि बाहेरची हवा 'फुस्' करून सिलिंडरात शिरते. बोट निघाले, काम बुडाले. दट्ट्या ती हवा बाहेर ढकलतो आणि पुढचे आवर्तन सुरू होते.

एका आवर्तनात किती काम बुडते? बंद थ्रॉटलमागे दाब वातावरणाच्या सुमारे ३० टक्के उरतो. दाबातला फरक सुमारे ७०,००० न्यूटन प्रति चौरस मीटर. सगळ्या सिलिंडरांचे मिळून घनफळ एक लिटर, म्हणजे ०.००१ घनमीटर. दाब × घनफळ = काम, म्हणून ७० ज्यूल. यात दट्ट्याच्या कड्या, धारवे, पाण्याचा व तेलाचा पंप यांच्या घर्षणाचे साधारण ८० ज्यूल मिळवा. एकूण झाले १५० ज्यूल. एक लिटरच्या एंजिनाला एका आवर्तनात एवढेच गिळता येते. आणि आवर्तन दोन फेऱ्यांत एकदा होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. या १५० ज्यूलमध्ये पेट्रोलचा संबंध कुठेच आला नाही. तो फक्त घनफळाचा आणि घर्षणाचा हिशेब आहे.

गिअरांची वाटणी

आता गिअर कामाला येतात. छोट्या मोटारीत ताशी ३६ किलोमीटर वेगाला एंजिनाचे मिनिटाला फेरे ढोबळमानाने असे असतात : चौथ्या गिअरात १३००, तिसऱ्यात १८००, दुसऱ्यात २७०० आणि पहिल्यात ४८००. तिसऱ्यात १८०० फेरे म्हणजे सेकंदाला १५ आवर्तने. १५ × १५० = २२५० ज्यूल दर सेकंदाला. सेकंदात गाडी १० मीटर जाते, म्हणून एंजिनाचे रोधक बल २२५ न्यूटन. याच रीतीने बाकीचे काढले, की अशी वाटणी मिळते :

चौथा गिअर : एंजिन सुमारे १६० न्यूटन, ब्रेक ४४० न्यूटन.
तिसरा गिअर : एंजिन सुमारे २२५ न्यूटन, ब्रेक ३७५ न्यूटन.
दुसरा गिअर : एंजिन सुमारे ३४० न्यूटन, ब्रेक २६० न्यूटन.
पहिला गिअर : एंजिन सुमारे ६०० न्यूटन, ब्रेक जवळजवळ शून्य.

प्रत्येक मोटारीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण चित्र हेच राहील. मी तिसऱ्यात उतरत होते, तेव्हा एंजिन माझ्या ओझ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उचलत होते आणि बाकीचा सगळा भार त्या बिचाऱ्या ब्रेकवर होता.

ही वाटणी गाडीच्या वेगावर फारशी अवलंबून नाही. कारण वेग निम्मा केला, तर आवर्तनेही निम्मी होतात आणि सेकंदात कापलेले अंतरही निम्मे. वाटणी बदलायची असेल, तर गिअरच बदलावा लागतो. वेग कमी केल्याने मात्र ब्रेकला निवायला जास्त वेळ मिळतो. पहिला गिअर घ्यायचा, तर वेग ताशी १५-२० किलोमीटरांवर आणूनच घ्यावा, नाहीतर एंजिनाचे फेरे बेसुमार वाढतात.

नव्या गाडीत काय बदलले?

पहिला बदल घनफळाचा. मामांच्या ॲम्बॅसिडरचे पेट्रोल एंजिन १४८९ घन सेंटिमीटरांचे, म्हणजे जवळजवळ दीड लिटरचे होते. आवर्तनामागे १५० ऐवजी २२५ ज्यूल झाले, तेही घर्षण आजच्याइतकेच धरून. माझ्या गाडीचे एंजिन तीन सिलिंडरांचे, एक लिटरचे. लहान सिरिंज, लहान 'फुस्'. तुम्ही म्हणाल, १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे एंजिन तर ७९६ घन सेंटिमीटरांचेच होते! खरे आहे, पण ती गाडीही तितकीच हलकी होती. आजच्या छोट्या मोटारी सुरक्षिततेसाठी भक्कम आणि सोयींसाठी भारी झाल्या आहेत. एंजिन लहान राहिले आणि ओझे वाढले.

दुसरा बदल घर्षणाचा. पेट्रोल वाचावे म्हणून अभियंत्यांनी गेली चाळीस वर्षे घर्षणाचा पिच्छा पुरवला आहे. एंजिन ऑइल पातळ झाले, दट्ट्याच्या कड्या अरुंद झाल्या, जेथे पृष्ठभाग घासत होते तेथे लोळणारे रूळ बसवले. टायर सहज लोळणारे झाले, गाडीचा आकार वाऱ्याला कापत जाणारा झाला. सपाट रस्त्यावर हे सगळे आपल्या फायद्याचे. उतारावर मात्र घर्षण आपला मित्र असतो, आणि त्या मित्राला आपण घराबाहेर काढले आहे.

तिसरा बदल गिअरांचा. जुन्या ॲम्बॅसिडरला पुढचे चार गिअर होते. आता पाच किंवा सहा असतात, आणि एंजिन सावकाश फिरत राहावे म्हणून वरचे गिअर लांब ठेवलेले असतात. फेरे कमी म्हणजे पेट्रोल कमी; पण आवर्तनेही कमी, म्हणून ब्रेकही कमी.

चौथा बदल संगणकाचा. पूर्वी ॲक्सिलरेटरपासून एंजिनापर्यंत तार होती. पाय उचलला की झडप मिटलीच. आता पाय केवळ संगणकाला विनंती करतो. धुरातील दूषके वाढू नयेत आणि धक्का बसू नये म्हणून संगणक झडप जरा बेताने मिटवतो. उतारावर तो पेट्रोल पूर्ण बंद करतो, हे चांगलेच. परंतु फेरे बरेच खाली उतरले, की एंजिन बंद पडू नये म्हणून तो पुन्हा पेट्रोल सोडू लागतो. वरच्या गिअरात रेंगाळत उतरणाऱ्याला त्यामुळे उरलासुरला ब्रेकही मिळत नाही.

मामांचा नियम का मोडला?

आता मुख्य मुद्दा. "चढाल त्याच गिअरात उतरा" हा नियम पूर्वी का चालत असे?

जुन्या एंजिनात चढण्याचा जोर आणि उतरताना धरण्याचा जोर हे दोन्ही एकाच गोष्टीवर ठरत : सिलिंडरांच्या घनफळावर. मोठे एंजिन जास्त हवा घेई, जास्त पेट्रोल जाळी आणि जास्त ओढी. तेच मोठे एंजिन उतरताना मोठी सिरिंज होई. त्यामुळे चढताना गाडी तिसऱ्यात दमली, तर चालक दुसरा गिअर घेई. आणि ज्या उताराने चढताना दुसरा मागितला, त्यालाच उतरतानाही दुसरा लागे. चढाव हाच उताराचा मोजमापक होता. एकही समीकरण न मांडता शेकडो चालकांनी अनुभवातून काढलेला हा नियम होता, आणि तो पक्का होता.

टर्बोने ही जोडी फोडली. टर्बोमध्ये एंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक लहान चक्र फिरते आणि ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबते. एक लिटरच्या साध्या एंजिनाचे पीळ-परिबल, म्हणजे दंड फिरवण्याचा जोर, ९० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. टर्बो लावल्यावर त्याच एक लिटरमधून १७० न्यूटन-मीटरपर्यंत मिळते. चढताना जणू दीड-दोन लिटरचे एंजिन! म्हणून माझी गाडी कुरकुर न करता तिसऱ्यात चढली.

पण उतरताना? झडप मिटलेली, पेट्रोल बंद, गरम वायू नाहीत. टर्बोकडे काम नाही. दीड-दोन लिटरांचे सोंग उतरते आणि उरते एक लिटरचेच एंजिन. चढताना दोघे बैल आणि उतरताना एकटा, अशी ही बैलगाडी. चढावाने आता उताराचे माप देणे सोडून दिले आहे. म्हणून नियमातला शब्द बदलायला हवा : "ज्या गिअरात चढाल, त्याच्या खालच्या गिअरात उतरा."

सिरिंजची चौथी कृती

सिरिंजची एक कृती राहिली. दट्ट्या बाहेर ओढा, टोक बंद करा, आत दाबा आणि दाबलेल्या स्थितीत बोट काढा. हवा 'फुस्' करून बाहेर जाते आणि दट्ट्या उसळून परत येत नाही. दाबण्याचे काम बुडाले. यातही एक ब्रेक दडलेला आहे, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

डीझेल एंजिनात सहसा थ्रॉटल नसतो; हवेची वाट नेहमी मोकळी. म्हणून तिसऱ्या कृतीचा ब्रेक त्याला मिळत नाही. अमेरिकेतील डीझेल एंजिनांचे निर्माते क्लेसी कमिन्स १९३१ साली आपल्या एंजिनाची ताकद दाखवण्यासाठी एक ट्रक घेऊन देशभराच्या प्रवासाला निघाले होते. कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरताना ट्रकचे ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेचे फाटक होते आणि त्यावरून मालगाडी जात होती. ट्रक तिच्यावर आदळता आदळता थोडक्यात वाचला. तो प्रसंग कमिन्स विसरले नाहीत. पुढे त्यांनी युक्ती काढली, की संपीडन पूर्ण होताच निष्कास झडप क्षणभर उघडायची आणि दाबलेली हवा सोडून द्यायची. स्प्रिंग ऐन ताणात तोडायची! १९६१ पासून जेकब्ज कंपनी असे ब्रेक बनवू लागली, आणि अवजड ट्रकांत ते आजही असतात. याच कमिन्स यांच्या नावाची डीझेल एंजिने १९६२ पासून किर्लोस्करांच्या सहकार्याने पुण्यात तयार होऊ लागली.

छोट्या मोटारीला असा ब्रेक कोणी बसवत नाही. तिच्याजवळ आहे तो गिअरचा दांडा.

काय करावे, काय करू नये

तुमच्यापैकी बहुतेकांना मोटार चालवण्याचा परवाना मिळायला अजून अवकाश आहे. पण घरातली मोठी माणसे मोटार चालवतात, तेव्हा तुम्ही शेजारी असता. त्यांना या गोष्टी जरूर सांगा.

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. गाडीने वेग घेतल्यावर गिअर शोधू नये. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्याऐवजी वेग वाढला की थोडा जोराने दाबावा आणि सोडून द्यावा; मधल्या काळात तबकड्यांना वारा लागतो. करपल्याचा वास आला, तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नये. ते तडकू शकते.

ऑटोमॅटिक गाडी उतारावर नुसती 'डी'वर सोडू नये. पाय उचललेला पाहून काही गाड्या आपणहून वरचा गिअर घेतात. अशा वेळी 'एल' किंवा हाताने गिअर धरून ठेवण्याची सोय वापरावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. वरची वाटणी पुन्हा पाहा. न्यूट्रलमध्ये एंजिनाचा वाटा शून्य, सगळे ६०० न्यूटन ब्रेकवर. शिवाय पेट्रोल वाचतही नाही! गिअरात उतरणाऱ्या नव्या गाडीत पेट्रोल पूर्ण बंद असते, कारण एंजिनाला चाके फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या समजुतीला थोडा तरी आधार होता. आता तो राहिलेला नाही. एंजिन बंद करणे तर त्याहून घातक. पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत करणारा निर्वात सामान्यतः एंजिनातूनच मिळतो. एंजिन बंद पडले, की दोन-तीन दाबांतच ती मदत संपते.

विजेच्या मोटारींनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. उतारावर त्यांची मोटर जनित्र होते आणि त्या ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत जातो. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर तिला ती घेता येत नाही. तेव्हा महाबळेश्वरला बॅटरी पूर्ण भरून घाट उतरायला निघणारा माणूस भरलेली बादली घेऊन पावसात उभा राहिल्यासारखाच!

गेल्या वर्षी आम्ही तोच घाट पुन्हा उतरलो. या वेळी दुसरा गिअर, आणि तीव्र वळणांवर पहिला. एंजिनाचा आवाज चढा होता. पण वास आला नाही आणि पायडल घट्ट राहिले. मामा डोळे मिटून बसले होते. मला वाटले झोपले असतील. वाडा कुंभरोशी गेल्यावर म्हणाले, "आता धरतेय." आवाजावरूनच त्यांना ते कळत होते.

विचार करा

१. आपल्या गाडीत आणखी दोन माणसे, म्हणजे १२० किलोग्रॅम, बसली. १५ मीटरांमागे १ मीटर उतारावर दुसऱ्या गिअरात ब्रेकच्या वाट्याला आता किती बल येईल? टायरांचा आणि हवेचा विरोध तेवढाच धरा.

२. सिरिंजच्या दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर असेल आणि आत पूर्ण निर्वात मानला, तर दट्ट्या ओढायला किती बल लागेल? वातावरणाचा दाब १,००,००० न्यूटन प्रति चौरस मीटर धरा.

३. महाबळेश्वरला वातावरणाचा दाब पोलादपूरपेक्षा कमी असतो. बंद थ्रॉटलमागचा दाब दोन्हीकडे सारखाच धरला, तर एंजिनाचा ब्रेक घाटाच्या माथ्यावर जास्त असेल की पायथ्याशी?